काय म्हणते थंडी?

डिसेंबर-जानेवारीत दोन जुने मित्र भेटले की बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं. आधी थंडी, मग झोप, मग घरचं. "काय गारठा पडलाय राव!" "अरे, रात्री एक वाजेपर्यंत डोळा लागला नाही, पाय गरमच होईनात." "आणि नाना कसे आहेत? खोकला थांबला का?" हा क्रम कुणी कुणाला शिकवलेला नाही. तरी निफाडच्या पारावर, पुण्याच्या टेकडीवर आणि न्यू जर्सीहून येणाऱ्या फोनवरही तो साधारण हाच असतो. अशा बोलण्याला आपण 'हवापाण्याच्या गप्पा' म्हणून बाजूला सारतो. माझ्या मते हे तिन्ही विषय म्हणजे एकाच गोष्टीची चौकशी आहे: ऊब कुठून निघाली आणि कुठे गेली. जमिनीतली उष्णता आकाशात निघून गेली की थंडी पडते. अंगातली उष्णता थोडी बाहेर पडली की झोप लागते. आणि शेकोटीची धग मिळाली की माणसं घरचं बोलू लागतात. हे तिसरं वाक्य ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल, पण सगळ्यात चांगला पुरावा त्याचाच आहे. तो मी मागे ठेवला आहे.

थंडीपासून सुरुवात करू, आणि थंडीच बघायची तर निफाडला जायला हवं. नाशिक जिल्ह्यातल्या या तालुक्याचा पारा हिवाळ्यात जवळजवळ रोज पेपरात येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेलं तापमान पाच-सहा अंशांवर आलं की सकाळच्या चहाला तोच विषय. महाबळेश्वर निफाडपेक्षा कितीतरी उंच आहे, मग निफाडच अनेकदा जास्त गार कसं? गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातला हा सखल, मोकळा भाग आहे. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळल्याबरोबर ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपानं आकाशाकडे फेकू लागते. हवा कोरडी, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर या उष्णतेला अडवणारं काहीच नसतं. जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यानं आजूबाजूच्या उंचवट्यांवरून ओघळून खोलगट जागेत साचते. म्हणून पहाटे शेतात जमिनीजवळ कुडकुडायला होतं आणि तिथूनच दहा-पंधरा मीटर वर हवा दोन-चार अंशांनी ऊबदार असते. डोंगरमाथ्यावरची गार हवा तिथे थांबत नाही, खाली उतरून जाते. निफाडला उतरून जायला जागा नाही.

रात्री ढग आले की हा सगळा खेळ मोडतो. ढग जमिनीकडून येणारी उष्णता शोषून तिचा मोठा भाग परत खाली पाठवतात. "आभाळ आलं, आता थंडी पळाली" हे म्हातारी माणसं अंगणात उभं राहून सांगतात ते अगदी खरं असतं. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात एखादं वादळ उठलं, तर त्याच्या नुसत्या ढगांनीही विदर्भ-मराठवाड्यातला किमान पारा दोन दिवसांत पाच-सहा अंशांनी चढू शकतो. उलट भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचे कोरडे वारे सुटतात. ते सातपुडा ओलांडून आले की आपल्याकडे कानटोप्या निघतात. पेपरात छापला जाणारा 'थंडीची लाट' हा शब्द मात्र इतका सैल नाही. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी हवं, तेव्हा सहसा हवामान खातं लाट म्हणतं.

मित्रांमध्ये हमखास वाद होतो तो आकड्यावरून. एक म्हणतो आठ, दुसऱ्याचा मोबाइल अकरा दाखवतो, तिसरा सांगतो की त्याच्या शेतात गवतावर बर्फ होता, म्हणजे शून्यच. तिघेही खरे असू शकतात. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत असतो. ही पेटी स्कॉटलंडच्या थॉमस स्टीव्हन्सन या अभियंत्यानं केली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्याचे चिरंजीव. घरच्या धंद्यात मुलाचं मन रमलं नाही हे वाचकांचं नशीब. तर पेटीतल्या हवेचं तापमान चार-पाच अंश असतानाही गवताच्या पात्याचं तापमान शून्याला टेकू शकतं, कारण पातं थेट आकाशाकडे उष्णता टाकत असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात आणि त्याच दिवशी सरकारी आकडा शून्याच्या बराच वर असतो, तो यामुळे. मोबाइलवरचा आकडा तर बहुधा संगणकानं मोठ्या परिसरासाठी काढलेला अंदाज असतो. तुमच्या बांधावर येऊन कुणी तो मोजलेला नसतो.

"आमच्या लहानपणी याहून थंडी होती" हे वाक्यही प्रत्येक बैठकीत येतंच. त्याला आधार आहे, पण अर्धाच. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता आणि मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंशांपर्यंत. तिथे आज इतका गारठा पडत नाही. शहर वाढलं, सिमेंट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहतात, त्यामुळे किमान तापमान खाली जायला तयार नसतं. पण लहानपणी थंडी जास्त वाजायची त्याला घरंही कारण होती. कौलांतून वारा यायचा, आंघोळीचं पाणी बंबातून काढून न्हाणीघरात नेईपर्यंत निम्मं गार व्हायचं, आणि स्वेटर एकच, तोही थोरल्या भावाचा. आठवणीतल्या थंडीत हवामानापेक्षा परिस्थितीचा वाटा मोठा असतो, असं मला वाटतं.

पहाटेबद्दल एक कोडं आहे, तेही इथेच सोडवून टाकू. २१ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान, त्यानंतर दिवस तिळातिळानं वाढतो, असं आपण ऐकत आलो. मग संक्रांतीला सकाळी फिरायला निघालं तर डिसेंबरपेक्षाही जास्त अंधार का असतो? दिवस वाढतो हे खरं, पण तो संध्याकाळच्या बाजूनं वाढतो. पृथ्वीचा आस कललेला आहे, शिवाय जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि तेव्हा जास्त वेगानं धावते. या दोन्हींमुळे त्या दिवसांत सूर्याची माध्यान्ह आपल्या घड्याळाच्या मानानं रोज थोडी पुढे सरकते. परिणामी नाशिकला जानेवारीच्या मध्यावर सूर्य २१ डिसेंबरच्या तुलनेत सहा-सात मिनिटं उशिरा उगवतो, आणि मावळतो मात्र पंधराएक मिनिटं उशिरा. सर्वांत गार क्षणही मध्यरात्री येत नाही. जमीन रात्रभर उष्णता गमावतच असते, त्यामुळे पारा तळाला जातो तो उजाडताना, सूर्य वर आल्यानंतरच्या काही मिनिटांत. "सूर्य उगवला तशी थंडी वाढली" म्हणणारा माणूस कुरकुर करत नसतो, निरीक्षण सांगत असतो.

अशा बोलण्यात माहिती असते हे सगळ्यांना मान्य नाही. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ मध्ये एक निबंध लिहिला. ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की हवेबद्दलचं, तब्येतीबद्दलचं बरंचसं बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच. शांतता अवघड वाटू नये, माणसं एकमेकांशी जोडलेली राहावीत, एवढ्यासाठी ते असतं. निरीक्षण मोठं आहे आणि पुढच्या अभ्यासकांनी ते डोक्यावर घेतलं. पण मालिनोव्स्कीनं द्राक्षबागायतदारांच्या कट्ट्यावर एखादी सकाळ काढायला हवी होती. तिथे "आज किती?" या प्रश्नाचं उत्तर लाखांत असतं. पारा सात-आठ अंशांखाली गेला की वेलीची मुळं आणि पानं मंदावतात, मणी फुगायचे थांबतात, आणि काढणीला आलेल्या घडातले मणी तडकू लागतात. दिवसा ऊन आणि रात्री कडाका असा फरक वाढला की हिरव्या मालात गुलाबी मणी दिसतात आणि निर्यातीचा भाव गेला. मग रात्री दोनला उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सुरू करायचं. धुराचं पांघरूण बागेला वाचवतं असा समज आहे, पण धुराचे कण अवरक्त किरण फारसे अडवत नाहीत. काम होतं ते आगीच्या उष्णतेनं, आणि तिच्यामुळे वरची ऊबदार हवा खालच्या गार हवेत थोडी मिसळते त्यानं. पाण्याचा उपाय जास्त भरवशाचा. काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ, पंचविशीच्या आसपास टिकून असतं, म्हणून विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागतं. ओली माती दिवसा उष्णता जास्त साठवते, हा वरचा फायदा.

असा शेतकरी "झोप झाली नाही" म्हणतो तेव्हा त्याला निद्रानाश नसतो, त्याची लाईट रात्रीची असते. शेतीपंपांना वीज पाळीनं मिळते. पाळी रात्रीची आली की गव्हाला, हरभऱ्याला, कांद्याला पाणी द्यायला बॅटरी आणि काठी घेऊन बांधावर जावं लागतं. पायात चिखल, पाणी सोडून दुसरा वाफा भरेपर्यंत बसून राहायचं, आणि बिबट्याच्या तालुक्यात असाल तर मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायची. शेतीला दिवसा वीज द्या या मागणीचं मूळ पंपाच्या अश्वशक्तीइतकंच या झोपेतही आहे.

ज्यांना रात्री बाहेर जावं लागत नाही त्यांच्या झोपेचं काय? थंडीत झोप छान लागते, असं निम्मे मित्र म्हणतात आणि निम्मे म्हणतात लागतच नाही. दोघांचंही उत्तर पायांत आहे. झोपेची वेळ आली की शरीर आपलं आतलं तापमान सुमारे एक अंशानं उतरवायला घेतं. ही उष्णता बाहेर टाकायची दारं म्हणजे तळहात आणि तळपाय. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा ऊबदार होते आणि आतली उष्णता तिच्यातून निघून जाते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं कुर्ट क्रॉयखी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये हे दाखवलं: हातपाय जितके ऊबदार, तितकी झोप लवकर लागते. पाय गार असतील तर वाहिन्या आवळलेल्या, दारं बंद, आणि उष्णता आत कोंडलेली. म्हणजे गार पायांच्या माणसाला झोप येत नाही ती शरीर आतून पुरेसं गार होत नाही म्हणून. मोजे घालून झोपणाऱ्याला हसू नये. झोपण्याआधी तास-दोन तास गरम पाण्यानं आंघोळ केली तर झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते, असं टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून सांगितलं. कारण तेच. पाण्याची ऊब त्वचेकडे रक्त ओढते, आणि नंतर आतली उष्णता भराभर उतरते.

गोधडीची थोरवी इथे सांगायलाच हवी. गोधडी स्वतः उष्णता तयार करत नाही. झोपलेलं माणूस सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकत असतं आणि गोधडीच्या थरांमध्ये अडकलेली हवा तिला हळूहळू जाऊ देते. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर, त्यांना जवळजवळ घातलेला धावदोरा, म्हणजे हवेचे शेकडो छोटे कप्पे. एका जाड सतरंजीपेक्षा दोन पातळ गोधड्या जास्त ऊब देतात त्या मधल्या हवेमुळे. त्यात आजीचं लुगडं असेल तर ऊब वाढते का, हे अजून कुणी मोजलेलं नाही.

शेगडीचं मात्र तसं नाही. दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं हा दर हिवाळ्यात बळी घेणारा प्रकार आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. माणसाला गुंगी येते आणि ती झोपच वाटते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचाही धोका हाच.

जुनी माणसं आपल्यापेक्षा किती झोपायची? आपला समज असा की वीज नव्हती तेव्हा लोक अंधार पडला की आडवे व्हायचे. २०१५ मध्ये गांधी येटिश, जेरोम सीगल आणि इतरांनी टांझानियातले हाड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या विजेशिवाय राहणाऱ्या तीन समाजांची झोप मनगटावरच्या यंत्रांनी मोजली. ती निघाली पावणेसहा ते सात तास, म्हणजे आपल्याइतकीच. झोपायचे ते सूर्यास्तानंतर सुमारे तीन तासांनी. हिवाळ्यात झोप जवळजवळ तासभरानं वाढायची. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांची झोप उजेडापेक्षा तापमानाशी बांधलेली दिसली. रात्र गार होत जाते तसे ते झोपलेले असतात आणि पारा तळाला जातो त्या सुमारास उठतात. आपल्याकडे पहाटेच्या गारठ्यात आपोआप जाग येणारे आजोबा हाच नियम पाळत असतात. त्यात म्हातारपणी थंडीनं लघवीला जास्त वेळा उठावं लागतं, ते वेगळं.

आता ते मधले तीन तास. सूर्य मावळल्यापासून झोपेपर्यंत ही माणसं काय करतात? शेकोटीभोवती बसतात. पॉली विसनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये कलहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांची संभाषणं टिपून ठेवली होती आणि त्यांचा हिशेब चाळीस वर्षांनी, २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाचं बोलणं कामाचं आणि कुरकुरीचं: ३४ टक्के तक्रारी, टीका, चुगल्या आणि ३१ टक्के पोटापाण्याच्या गोष्टी. किस्से फक्त ६ टक्के. रात्री शेकोटीपाशी तक्रारी ७ टक्क्यांवर उतरायच्या आणि ८१ टक्के संभाषणं किश्श्यांची व्हायची. लांब राहणाऱ्या नातेवाइकांचे, लग्नांचे, प्रवासाचे, गेलेल्या माणसांचे किस्से. तीच माणसं, तोच मुक्काम. बदललं काय, तर उजेड कमी झाला, कामाची शक्यता संपली आणि तोंडावर धग आली. मी राखून ठेवलेला पुरावा तो हा.

आपल्याकडे हुरड्याच्या आगटीपाशी हे सहज तपासता येतं. शेताच्या कडेला खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, त्यात खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं. गरम कणीस हातावर चोळून दाणे काढेपर्यंत भाव, पाऊस, सोसायटीचं कर्ज यांवर तणतण चालते. पहिला घास पोटात गेला, वर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा गेला, की कुणीतरी विचारतं, "थोरलीचं कुठवर आलं?" हिवाळ्यातल्या घरच्या बातम्यांना पंचांगाचाही हात असतो. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, मार्गशीर्षात पत्रिका येऊ लागतात, पौषात लग्नं थांबतात आणि तेवढ्या फटीत राहिलेली स्थळं, रुसलेले मामा आणि वाटण्या चर्चेला येतात. माघ लागला की पुन्हा मांडव.

ज्यांच्या घरच्या बातम्या या महिन्यांत फक्त फोनवरून येतात अशी लाखो माणसं याच राज्यात आहेत. दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या तळावर किंवा शेताच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, आणि त्या पाचटाच्या कोपीत रात्रीचा गारठा बाहेरच्या इतकाच असतो. पहाटे चारला फडात जायचं, गाडी रात्री भरायची आली तर रात्रीही. गावी आजीपाशी ठेवलेल्या पोरांशी बोलणं होतं ते संध्याकाळी, चूल पेटल्यावर. "स्वेटर घातलास का? शाळेत गेलास का? आज्जी काय करती?" इथेही तेच तीन विषय, फक्त थंडीचा प्रश्न स्वेटरच्या नावानं येतो.

लांबच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले मित्र. नोव्हेंबरात तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि न्यू जर्सीशी असलेलं साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा तास होतं, त्यामुळे रविवारच्या फोनची वेळही सरकते. नाशिकचा मित्र म्हणतो, "आज नऊ अंश होतं!" पलीकडून हसणं ऐकू येतं, "अरे, इथे उणे आठ आहे, नऊला आम्ही खिडकी उघडतो." हसणाऱ्याला एक गोष्ट दिसत नसते. त्याचं घर आतून वीस-एकवीस अंशांवर ठेवलेलं असतं. नाशिकच्या घराला तापवण्याची काही सोय नाही. खिडक्यांच्या फटी उन्हाळ्याच्या हिशेबानं ठेवलेल्या, फरशी शहाबादी, आणि आतलं तापमान पहाटे पंधरा-सोळा. बाहेरच्या थंडीत तिकडचा मित्र जिंकेल, पण घरात बसून कुडकुडण्यात नाशिककर पुढे आहे.

हसून झालं की तिकडचा मित्र मुद्द्यावर येतो. वडील इकडे एकटे असतात आणि पहाटे साडेपाचला मफलर गुंडाळून फिरायला निघतात. थंडीनं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, त्यात पहाटेची वेळ अशी की तो तसाही चढणीला लागलेला असतो. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके वाढतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. साडेआठला, उन्हं अंगावर आल्यावर गेलं तर फिरणं तेवढंच होतं आणि धोका कमी. मुलगा हे फोनवर दहादा सांगून थकलेला असतो, म्हणून मित्राला गळ घालतो, "तू जाऊन बोल, तुझं ऐकतील." मित्र जातो, चहा घेतो, थंडीवर बोलतो, झोप कशी लागते ते विचारतो, आणि मग हळूच विषय काढतो. नाना सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "साडेआठला कट्ट्यावर कोण असतं? गप्पा मारायला माणूस नको का?"